दरवाजाचं काहीतरी

जगात नाव नसलेली वस्तू असूच शकत नाही, आणि ते नाव आपल्याला माहीत नसणं हा त्या वस्तूचा अपमान आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. उंचीने बेताचे, अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक भिंग आणि एक गुंडाळायची मोजपट्टी. लग्नाची बोलणी करायला ते पहिल्यांदा आमच्या मुलुंडच्या घरी आले तेव्हा मी आणि माझी बायको सकाळपासून धास्तावून बसलो होतो. बोरिवलीतली माणसं, घरात तीन पिढ्यांचं शिक्षण, काय विचारतील आणि काय नाही. त्यांनी पोहे घेतले, चहा घेतला, मुलीकडे बघून प्रसन्न हसले आणि मग आमच्या घडीच्या टेबलाखाली वाकून बराच वेळ तिथेच राहिले. आम्हाला वाटलं, चमचा पडला. खालून आवाज आला, "व्याहीबुवा, हा पाय उघडला की जी पट्टी अडकते ना, तिला तुमच्याकडे काय म्हणतात?" अजून काही ठरलं नव्हतं, तरी त्यांनी मला व्याहीबुवा करून टाकलं होतं. मी म्हटलं, "पट्टीच म्हणतो." ते बाहेर आले. चेहऱ्यावर माझ्याबद्दल थोडी कीव होती. "पट्ट्या खूप असतात हो. हिचं स्वतःचं काहीतरी असणार." लग्न ठरलं, झालं, नातू झाला. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगत होती, नेमक्या त्याच क्षणी व्याह्यांनी माझ्या कानाशी लागून त्या पट्टीचं नाव सांगितलं. कुणा सुताराकडून त्यांना ते आदल्या दिवशी मिळालं होतं. ते मी विसरलो. बाळाचं लक्षात आहे.

हा छंद त्यांना नोकरीतून लागला होता. एका विमा कंपनीत त्यांनी सगळी हयात काढली, आणि काम काय, तर आग लागलेल्या दुकानांत आणि गोदामांत राखेत उभं राहून काय काय जळलं त्याच्या याद्या करायच्या. बाकीचे लोक शेवटी 'इतर किरकोळ सामान' असं लिहून मोकळे व्हायचे. व्याह्यांनी ते तीन शब्द नोकरीत एकदाही लिहिले नाहीत, याचा त्यांना इतका अभिमान होता की निवृत्तीच्या समारंभात भाषण म्हणून त्यांनी फक्त तेवढंच सांगितलं आणि खाली बसले. "माणसाचं दुकान जळलंय," ते मला एकदा म्हणाले, "आणि आपण त्याच्या वस्तूंना 'इतर' म्हणायचं?" त्यामुळे एकेका कोळशाच्या तुकड्यापाशी ते तास तास बसत. वरिष्ठ कंटाळत, पण दुकान जळलेला माणूस मात्र रडायचा थांबून त्यांच्याबरोबर आठवायला लागायचा, हे मला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं.

निवृत्तीनंतर जळलेल्या वस्तू मिळेनात, तेव्हा ते न जळलेल्यांकडे वळले. बोरिवली स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्यांमध्ये त्यांची अशी काही ख्याती होती की ते रस्त्याच्या टोकाला दिसले की दुकानाचा मालक जेवायला जायचा आणि नोकराला सांगून जायचा, माहीत नाही म्हण. एकदा दाढ काढायला गेले असताना तोंडात दोन हत्यारं असताना त्यांनी हात वर करून डॉक्टरांना थांबवलं. डॉक्टरांना वाटलं, दुखलं. त्यांना दुसऱ्या हत्याराचं नाव हवं होतं. आमच्या विहीणबाई शांत स्वभावाच्या. त्या म्हणायच्या, "आमचे हे कुणालाही नावं ठेवत नाहीत, फक्त वस्तूंना नाव ठेवतात. काही बिघडत नाही." आणि खरोखरच काही बिघडत नसे. घरात एक लोखंडी कपाट होतं, त्याच्या खणाखणांतून दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या वस्तू नीट झोपलेल्या असत. माझी मुलगी सुरुवातीला म्हणायची, "बाबा, मी कपाळावर चिठ्ठी लावून फिरते, म्हणजे मला नाही कपाटात ठेवणार." पण सहा महिन्यांत तीच भंगारवाल्याच्या गाडीपाशी थांबून सासऱ्यांना फोन करायला लागली.

वस्तू ओळखायची त्यांची एक पद्धत होती. आधी तळहातावर तोलायची, मग कानाशी धरून नखाने वाजवायची, मग वास घ्यायचा, आणि तरीही पत्ता लागला नाही तर जिभेचं टोक लावायचं. या शेवटच्या पायरीवरून एकदा आमच्या घरी मोठाच प्रसंग झाला. माझी आई आमच्याकडे असते. मूळची मालवणकडची, मुंबईत साठ वर्षं काढूनही बोली न सोडलेली. तिच्या जुन्या पेटीत व्याह्यांना पितळेची एक इवलीशी पळी मिळाली. त्यांनी तोलली, वाजवली, हुंगली. "अत्तराची असणार," म्हणत जीभ लावली. आई आतल्या खोलीतून बघत होती. ती म्हणाली, "कानकोरणा ता. माझ्या सासूचा." माझी बायको स्वयंपाकघरात पळाली. व्याह्यांनी मात्र शांतपणे पाणी मागितलं, चूळ भरली, वहीत लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून माझ्या आईला ते देशातलं सर्वोच्च न्यायालय मानू लागले. जिथे कुठेच निकाल लागत नसे, ते प्रकरण मुलुंडला यायचं.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे, पण आता जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू चांगली नाही.

दोन वर्षांपूर्वी व्याह्यांच्या सोसायटीत पावसाचं पाणी साठवायला मागच्या बाजूला टाकी खणत होते. खणताना पुरुषभर खोलीवर एक लोखंडी वस्तू लागली. वॉचमन ती भंगारात घालणार होता, तेवढ्यात व्याह्यांनी गॅलरीतून पाहिलं आणि पायजम्यावर खाली धावले. मला फोन आला, "व्याहीबुवा, ताबडतोब या. फोनवर बोलण्यासारखं नाही." मी गेलो. दिवाणखान्यातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ती ठेवली होती. वीतभराहून थोडी लांब, चांगली जड, गंजाने फुगलेली. एका टोकाला आरपार भोक, दुसरं टोक निमुळतं होत खाली वळलेलं, पक्ष्याच्या चोचीसारखं. चोचीची आतली बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. "काय वाटतं?" व्याही म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

मला काही वाटायची गरज नव्हती. मी ती पाहताक्षणी ओळखली होती.

व्याह्यांची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी भाजीची वाडी होती. मुळा, पालक, माठ, कडेने केळी, मधोमध मोठी विहीर आणि विहिरीवर लोखंडी रहाट. माझे वडील गिरणीत होते. छातीत कापसाची धूळ बसली आणि डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी गिरणी सोडली आणि या वाडीवर रहाटाचे बैल हाकायची नोकरी धरली. आई तिथेच भाजी काढायला जायची. माझं चौथीपासून दहावीपर्यंतचं आयुष्य त्या वाडीच्या कडेच्या खोलीत गेलं. बैल गोल फिरायचे, दातेरी चाक फिरायचं, साखळीला लावलेले डबे विहिरीतून भरून वर यायचे. बैल थांबले की भरल्या डब्यांच्या वजनाने चाक उलटं फिरू नये म्हणून त्याच्या दातांत अडकणारा एक लोखंडी तुकडा असायचा. वाडीवर सगळे त्याला कुत्रा म्हणत, कारण रहाट चालू असला की तो दातांवरून टकटक करत दिवसभर भुंकायचा. तोच टेबलावर होता.

मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा पत्ता वाचूनच मी जागा ओळखली होती. बोलण्यांत मी "वडील गिरणीत होते" एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं. त्याच्या आधी कॉलेजात, नोकरीत, बायकोच्या माहेरीही मी तेवढंच सांगत आलो होतो. माझ्याबरोबरची बरीच मुलं गिरणी कामगारांचीच होती, त्यात कमीपणा नव्हता. पण दुसऱ्याच्या बैलांमागून दिवसभर गोल गोल फिरणारा माणूस आपला बाप आहे, हे मला शाळेत सांगता आलं नव्हतं आणि मग कधीच सांगता आलं नाही. लग्नाआधी आईलाही मी बजावून ठेवलं होतं, वाडीचा विषय नको. ती "बरां" म्हणाली होती.

"काय वाटतं?" व्याह्यांनी पुन्हा विचारलं.

"दरवाजाचं काहीतरी असावं," मी म्हणालो.

निदान माहीत नाही म्हणायचं. पण माणूस घाबरला की जरा जास्तच बोलतो. व्याह्यांनी माझा शब्द उचलून धरला. दरवाजा म्हणजे कुठला, एवढा जड अडसर कुणाच्या घराला असणार, म्हणजे गढी, म्हणजे किल्ला. पुढच्याच आठवड्यात ती वस्तू लग्नाच्या साड्यांच्या दुकानातल्या कापडी पिशवीत घालून ते मला वसईच्या किल्ल्यात घेऊन गेले. पडक्या दरवाजांच्या चौकटींतली प्रत्येक खाच त्यांनी मोजपट्टीने मोजली. मी टोक धरून उभा. एका खाचेची उंची घ्यायला ते दगडावर चढले आणि घसरले. गुडघा चांगलाच सोलवटला. रुमाल बांधून देताना मला वाटलं, आता सांगावं. ते म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून बरं. एकटा आलो असतो तर इथेच पडून राहिलो असतो." मग मला सांगवेना.

किल्ला झाल्यावर समुद्राची पाळी आली. मार्व्याहून होडीने आम्ही मनोरीला गेलो. एका कोळीणबाईंच्या पुढ्यात त्यांनी वस्तू ठेवली आणि हा एखाद्या लहान होडीचा नांगर असू शकेल का, असं अत्यंत अदबीने विचारलं. बाईंनी ती पायाने उलटी केली. म्हणाल्या, "याला बांधलेली होरी दुपारपर्यंत वसईला पोचंल." व्याह्यांनी तेही लिहून घेतलं. मग रेल्वेचे निवृत्त कर्मचारी झाले, एक घोड्यांचे नाल मारणारा झाला, कुर्ल्याचा एक जुन्या लोखंडाचा व्यापारी झाला. त्याने वस्तू हातात घेऊन, "अंकल, ये कुछ नहीं है, लोहा है," असं सांगितलं, तेव्हा व्याही दुकानाबाहेर येऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "काही नाही, असं काही नसतं." चार महिने असे गेले. प्रत्येक फेरीत मी त्यांच्याबरोबर होतो. घरी बसून वाट बघण्यापेक्षा बरोबर असलेलं बरं, ते कुणाला भेटतात यावर लक्ष राहतं, असा माझा हिशोब होता. ते बिचारे विहीणबाईंना सांगत, "व्याह्यांसारखा माणूस मिळाला नसता तर माझ्याने हे झालं नसतं."

अधूनमधून ते म्हणायचे, "आता आईंनाच दाखवू." मी म्हणायचो, तिची तब्येत बरी नाही. पुढे म्हणालो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हटलंय. ऐंशी ओलांडलेली माझी आई त्या वेळी घरी बसून चष्म्याशिवाय तांदूळ निवडत होती.

मग ज्येष्ठ नागरिक संघातलं ते भाषण झालं. संघाच्या दर महिन्याच्या सभेत कुणीतरी आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं असतं. व्याह्यांनी टेबलावर विहीणबाईंची जुनी शाल अंथरली, तिच्यावर ती वस्तू ठेवली आणि ती काय नाही याची यादी वाचायला सुरुवात केली. किल्ल्याच्या दरवाजाचा अडसर नाही, होडीचा नांगर नाही, रुळाचा भाग नाही, माहुताचा अंकुश नाही. विमा सर्वेक्षकाच्या शिस्तीने, एकेक का नाही ते पुराव्यासकट. पंधराव्या 'नाही'ला मागच्या रांगेतले एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "अहो, एवढं सगळं नाही आहे म्हटल्यावर ती वस्तूच नाही असं समजा ना, आणि चहा येऊ दे." लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, भूक लागली होती सगळ्यांना. व्याही गोंधळले. त्यांनी पहिल्या रांगेत माझ्याकडे हात केला. "माझे व्याही बसलेत इथे. पहिल्या दिवसापासून ते माझ्याबरोबर आहेत. त्यांना विचारा, किती कसून शोधलंय ते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठून म्हणालो, "हो, छंद आहे त्यांना." आणि हसलो.

त्यावर पुन्हा मोठा हशा झाला. व्याह्यांनी उरलेली यादी वाचली नाही. शालीच्या चारी बाजू त्या वस्तूवर दुमडून घेतल्या, तान्ह्या मुलाला गुंडाळावं तशा, आणि सगळ्यांचे आभार मानले. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "जरा लांबलंच माझं." ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत जवळचा असतो.

त्यानंतर आठवडाभराने, न कळवता, ते मुलुंडला आले. हातात आंबोळ्यांचा डबा. आईच्या मोतीबिंदूची चौकशी करायला. दार आईनेच उघडलं. "खंयचो मोतीबिंदू?" ती म्हणाली. व्याह्यांना वाटलं, म्हातारपणी विसर पडतो. ते तिच्याजवळ बसले, डबा दिला, आणि पिशवी पायाशी ठेवली. कापडातून चोच वर आली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मला वाटतं मी "चहा घेणार?" असं काहीतरी विचारत होतो.

आईने पिशवीत हात घातला आणि ती वस्तू मांडीवर घेतली. तिने तोलली नाही, वाजवली नाही. चोचीच्या आतून अंगठा फिरवला.

"ह्यो आमच्या रहाटाचो कुत्रो," ती म्हणाली. "खंय गावलो तुमका?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आपण बोलायला नको होतं हे तिच्या लक्षात आलं. एवढी वर्षं पाळलेला शब्द तिच्या तोंडून सुटला होता. ती घाईने म्हणाली, "तसो नसात. म्हातारी झालंय मी, माका दिसणा नाय." आणि ती वस्तू पिशवीत परत ठेवायला लागली. माझी आई माझ्यासाठी आंधळी व्हायला तयार झाली, तीही माझ्याच खोट्याच्या आधाराने. मला त्या दारात उभं राहवेना. मी पुढे होऊन म्हणालो, "नाही आई, तोच आहे. बाबांच्या रहाटाचा." एवढं बोलायला मला सगळं आयुष्य लागलं होतं, आणि ते बोलूनही बरं वाटलं नाही.

व्याह्यांनी वही काढली नाही. चहा पिऊन झाल्यावर ते उठले. मी बसस्टॉपपर्यंत बरोबर गेलो. थांब्याच्या पाटीखाली ते उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"मग दरवाजा कशाला म्हणालात? माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या एका दरवाजापायी माझे तीन आठवडे गेले."

बस आली. पायरीवर पाय ठेवून ते वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमचे वडील आमच्या आवारातल्या विहिरीवर होते हे कळल्यावर मी काय म्हणेन असं वाटलं होतं तुम्हाला?" उत्तराची वाट न बघता ते चढले. बरंच झालं.

दीड महिना त्यांचा फोन आला नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणे, "ठीक आहेत. तुझं नाव काढत नाहीत, पण ते कुणाचंच काढत नाहीत." तिला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मी रोज त्या विहिरीवरून जाते, बाबा. सांगायचंस की रे." दिवसभरात दर तासाला कुणाचा ना कुणाचा फोन वाजायचा, आणि कुठल्याशा खिट्टीचं किंवा बिजागरीचं नाव सांगायला कुणी नसायचं. या माणसाचा आपल्याला केवढा सराव झाला होता ते मला तेव्हा कळलं.

मग एका गुरुवारी ते आले. माझ्याकडे नाही, आईकडे. नवी वही घेऊन. रहाट म्हणजे नुसता कुत्रा नव्हे, बाकीच्या भागांचीही नावं हवीत, नाहीतर एकट्या कुत्र्याची चिठ्ठी लिहून काय उपयोग, असं त्यांनी आईला समजावलं. त्यानंतर ते दर गुरुवारी यायला लागले. वाडीचा विषय ज्या घरात निघाला नव्हता तिथे दर गुरुवारी दोन तास विहीर, बैल, साखळी, डबे, पन्हळ, पालकाच्या जुड्या. आई वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखी बोलायची. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचो. पान उलटायचं मात्र राहून जायचं.

अशाच एका गुरुवारी त्यांनी विचारलं, "आई, मला एक समजत नाही. पाणी चालू असताना बैल मध्येच थांबवायची वेळ कशाला यायची? वाफा भरेपर्यंत चालवतच असतील ना?"

आई म्हणाली, "रोज थांबवीत. ह्यो पोरांवांगडा शाळेतसून येताना लांबसून दिसलो, की ह्ये बैल थांबवीत आणि बावीच्या पाठी जावन बसत. झिलाक लाज वाटता म्हणान. पोरां फुडे गेली की मग परत हाकीत. मालक एकदा वरडलो पण. पण ह्येंनी थांबवूक काय सोडल्यानी नाय." आणि मग, तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नसावं अशा सुरात, "तेवा ह्यो कुत्रो कामाक येई. भरलेले डबे तसेच धरून ऱ्हवी."

तिचा झील, म्हणजे मुलगा, मीच. मला आठवत होतं. शाळेतून येताना वाडीचं वळण जवळ आलं की रहाटाचा आवाज बंद झालेला असायचा आणि विहिरीवर कुणी नसायचं. दरवेळी मला हायसं वाटायचं. आपलं नशीब चांगलं आहे, अशी माझी तेव्हापासूनची समजूत होती. वडील जाऊन तेवीस वर्षं झाली. ते गेले तोवर, आणि गेल्यावरही, मला असंच वाटत आलं होतं की माझी लाज मी त्यांच्यापासून नीट लपवली.

ज्या माणसाने दंतवैद्याला हत्याराचं नाव विचारायला थांबवलं, तो आता पुढचं काय विचारेल या भीतीने मी वर्तमानपत्र घट्ट धरलं. व्याही जरा खाकरले.

"बैलांची नावं काय होती, आई?" त्यांनी विचारलं.

आईने नावं सांगितली. मग बैलांबद्दल बरंच काही सांगितलं. व्याही विचारत राहिले, शिंगं कशी होती, रंग कुठला, मारका कोण होता, खूप वेळ, मला बाहेर यायची गरज पडू नये इतका वेळ.

अलीकडेच त्यांनी मला बोरिवलीला बोलावलं. वाडीचा नकाशा करायला घेतला होता. विहीर आता काँक्रीटच्या लादीखाली आहे, वर दोन गाड्या उभ्या असतात. गाड्यांच्या मधल्या जागेत आम्ही दोघं उभे राहिलो. त्यांच्या हातात चौकटीचा कागद आणि पेन्सिल. बैलांच्या फेऱ्याचं वर्तुळ त्यांनी काढलं होतं, केळी, आमची खोली, शाळेकडून येणारा रस्ता, सगळं जागच्या जागी. "एवढंच राहिलंय," ते खाली बघत म्हणाले. "विहिरीच्या पाठी म्हणजे नेमकं कुठे? रस्त्यावरून माणूस दिसणार नाही अशी जागा हवी. कठडा उंच होता, की झाड होतं एखादं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. त्या वळणावर आलो की मी पोरांशी मोठ्याने काहीतरी बोलायला लागायचो आणि मान सरळ ठेवायचो. कठडा केवढा होता, झाड होतं की नव्हतं, तिथे बसलेला माणूस उन्हात बसत असेल की सावलीत, मला काहीच सांगता आलं नाही. मी त्या बाजूला कधी पाहिलंच नव्हतं.

व्याह्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग "राहू दे," म्हणाले आणि कागदाची घडी घातली. "वर चला, चहा घेऊ."

नकाशा त्यांच्या कपाटात आहे. त्या जागी त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. आईला विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं, पण गुरुवारी येऊनही ते तिला एवढं एकच विचारत नाहीत. ते मी विचारायचं आहे. आई आता पंच्याऐंशीची झाली आहे. रोज सकाळी ती खिडकीपाशी तांदूळ निवडत बसते, मी तिच्यासमोर चहा घेऊन बसतो, आणि ताटातले खडे संपेपर्यंत आम्ही दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहतो.